प्रकल्प नोंदी: ५५ मायक्रॉनचे चौकोन

१२ फेब्रुवारी २०२४, प्राग

वही बंद. आजपासून सगळं इथे टाईप करायचं, कारण मागच्या सेमिस्टरला वहीत मी काय लिहिलं होतं ते मलाच वाचता आलं नव्हतं.

काम काय ते आधी एकदा लिहून ठेवतो म्हणजे आईला दरवेळी नव्याने सांगायला नको. एका क्यूबसॅटसाठी (डब्याएवढा छोटा उपग्रह) रेडिएशन मॉनिटर बनवायचाय, आत टाइमपिक्स चिप आहे, सर्न ह्या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या मेडिपिक्स कोलॅबोरेशनने २००६ मध्ये बनवलेली. २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल ५५ मायक्रॉनचा चौकोन, आणि सगळं मिळून एक बाजू जेमतेम १४ मिलिमीटर. वर सिलिकॉनचा सेन्सर चिकटवलेला. कण सिलिकॉनमधून गेला की चार्ज सुटतो, खालच्या पिक्सेलमध्ये जमा होतो, आणि सिग्नल थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या पातळीच्या) वर किती वेळ राहिला ते पिक्सेल मोजतो. जास्त वेळ म्हणजे जास्त एनर्जी.

गायगर काउंटर म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस. थेंब मोजता येतात, पण थेंब तिरका आला का सरळ, बारीक होता का टपोरा, हे आवाजावरून नाही कळत. आमच्या चिपवर प्रत्येक थेंबाचा डाग उमटतो. माझं काम त्या डागांवरून कण कुठला, कुठल्या अँगलने आला आणि दर मायक्रॉनला किती एनर्जी टाकून गेला (ह्याला सगळे एलईटी म्हणतात) ते काढणारा कोड लिहायचा, आणि तो उपग्रहावरच चालला पाहिजे, सगळ्या फ्रेम्स (चिपने टिपलेली चित्रं) खाली पाठवण्याएवढं डाउनलिंक आमच्या नशिबात नाही.

१५ फेब्रुवारी

पहिली फ्रेम घेतली, पूर्ण पांढरी. च्यायला म्हणलं पहिल्याच दिवशी चिप जाळली का काय. मग टेक्निशियन आजोबा आले (रिटायर झालेत पण रोज येतात, कॉफी पण स्वतःची आणतात), त्यांनी काही न बोलता डिटेक्टरवर काळं कापड टाकलं. सिलिकॉन आहे ते, ट्यूबलाईट पण दिसणारच त्याला! कापड टाकल्यावर फ्रेम काळी, फक्त दहाबारा पिक्सेल आपले सतत बडबडतायत. ते मास्क केले, म्हणजे बंद करून टाकले.

दुपारभर थ्रेशोल्ड इक्वलायझेशन. ६५ हजार पिक्सेल एकाच साच्यातून निघाले तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकात चार बिटचा एक छोटा ॲडजस्टमेंट दिलेला असतो, तो फिरवून सगळ्यांना एका रांगेत आणायचं. शाळेतली पीटीची कवायत.

२१ फेब्रुवारी

रात्रभर चालू ठेवला होता, सकाळी फ्रेम्स बघत बसलो आणि अकरा कधी वाजले कळलंच नाही.

कॉस्मिक किरणांतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक, आमची चिप २ चौरस सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला दोनेक. पट्टी ठेवून मारल्यासारखी बारीक सरळ रेघ, ती म्यूऑन. इलेक्ट्रॉन म्हणजे गांडूळ, वळवळत जातो आणि शेवटी गुंडाळी करून थांबतो. कमी एनर्जीचा फोटॉन म्हणजे एकदोन पिक्सेलचा ठिपका. आणि मधेच एक गोल टपोरा डाग होता, शाई सांडल्यासारखा, तो अल्फा, हवेतल्या रेडॉनमुळे असणार. अल्फाची सिलिकॉनमधली धाव फक्त २५-३० मायक्रॉन, म्हणजे खरंतर तो एका पिक्सेलच्या आतच संपतो, पण चार्ज इतका सुटतो की खाली येईपर्यंत पसरतो आणि डाग दहाबारा पिक्सेल रुंद दिसतो.

एक फ्रेम वेगळी सेव्ह केलीये. लांब सरळ रेघ आणि तिच्या मधूनच एक छोटं शेपूट बाहेर आलेलं. म्यूऑनने जाताजाता सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन जोरात उडवला, डेल्टा इलेक्ट्रॉन. पुस्तकात चार वर्षं वाचलं होतं, आज मॉनिटरवर बोट ठेवून बघितलं.

५ मार्च

कॅलिब्रेशन. कंटाळवाणं आहे, पटकन लिहितो. टिन, कॅडमियम, झिरकोनियम, तांबं अशा पत्र्यांवर एक्स-रे मारायचे, प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या एनर्जीचे फोटॉन परत सोडतो, ते मोजायचे, वर किरणोत्सर्गी अमेरिशियम-२४१ ची ५९.५ केईव्हीची लाईन (केईव्ही हे कणांची एनर्जी मोजायचं एकक, हजार केईव्हीचा एक एमईव्ही). प्रत्येक पिक्सेलला चार आकडे लागतात कारण थ्रेशोल्डजवळ ग्राफ सरळ नसतो, वाकतो. ६५,५३६ गुणिले चार, २,६२,१४४ आकडे. फाईल उघडायला गेलं की एडिटर मान टाकतो.

म्यूऑन रनचं पण बघितलं: ३०० मायक्रॉन सेन्सरमध्ये म्यूऑन सगळ्यात जास्त वेळा जेवढी एनर्जी टाकतो तो आकडा ८० केईव्हीच्या थोडा वर यायला पाहिजे, आला. बॉस खूष.

१९ मार्च

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही पण लिहितो.

चिपच्या एका कडेला ॲल्युमिनियमच्या तारा असतात, केसापेक्षा बारीक, चिप आणि बोर्ड ह्यांना जोडणाऱ्या. पापण्यांसारखी रांग दिसते मायक्रोस्कोपखाली. मी झाकण बसवत होतो, स्वेटरची बाही लागली. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पापण्यांची रांग आडवी झोपलेली, एखाद्या शेतातून बैल गेल्यावर ज्वारी झोपते तशी.

बॉस रागावला नाही, ते जास्त लागलं.

२१ मार्च

ड्रॉवरमधून दुसरी चिप काढली, आधीच्या एका विद्यार्थ्याची. डबीवर फक्त नंबर, बाकी काही नाही. तिची कॅलिब्रेशन फाईल सर्व्हरवर मिळाली हे नशीब. जुनी कॉन्फिग फाईल कॉपी केली, चिपचा नंबर बदलला, कॅलिब्रेशनचा पाथ बदलला. आजोबा म्हणाले हिला बायस व्होल्टेज (सेन्सरमधला चार्ज खाली ओढतो तो) जरा जास्त लाव. लावला. जुनी असेल म्हणून लागत असेल.

अमेरिशियम ठेवून चेक केलं, पीक ५९.५ वर, एकदम खणखणीत. म्हणजे झालं, बीमटाईमला, म्हणजे सायक्लोट्रॉनवर प्रोटॉनचा झोत आमच्यासाठी मिळणार त्या दिवसाला, जायला मोकळे. म्यूऑन रन परत करायला वेळ नाही, आणि गरज पण वाटत नाही.

९ एप्रिल

गुढीपाडवा. गुढी उभारायला खिडकीबाहेर जागा नाही, आत पडद्याच्या रॉडला बांधली, वर स्टीलचा पेला. कडुलिंब कुठून आणणार, मेथीदाणे चावले.

संध्याकाळी एसएएवर वाचत बसलो, साऊथ अटलांटिक ॲनोमली. पृथ्वीचा चुंबक बरोब्बर मध्यभागी नाहीये, साधारण ५०० किलोमीटर सरकलेला आहे, त्यामुळे पृथ्वीभोवती अडकलेल्या कणांचा, व्हॅन ॲलनचा आतला पट्टा ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकच्या वर खाली लोंबतो आणि तिथून जाताना उपग्रह अक्षरशः प्रोटॉनच्या पावसात भिजतो. बाकी कक्षेत फ्रेम वीस सेकंद उघडी ठेवली तरी चालेल पण तिथे तेवढा वेळ ठेवली तर एकावर एक रेघा पडून नुसता काला. म्हणून कोडने स्वतःच बघायचं, फ्रेम भरत चालली की एक्स्पोजर कमी कर. हे आम्ही शोधलेलं नाही, २०१३ च्या प्रोबा-व्ही उपग्रहावर इथल्याच चेक टेक्निकल युनिव्हर्सिटीचा सॅट्रॅम होता, ८२० किलोमीटरवर, अंतराळात उघड्यावर गेलेला पहिला टाइमपिक्स. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनच्या आत तर २०१२ पासूनच लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावावा तसे हे डिटेक्टर लावलेत.

आणि एक गंमत जी इथे सगळ्यांना सांगत सुटलोय. चेक लोकांचा पहिलावहिला टाइमपिक्सवाला क्यूबसॅट, व्हीझेडएलयूसॅट-१, वर गेला तो आपल्या पीएसएलव्ही-सी३८ वरून, श्रीहरिकोट्याहून, २३ जून २०१७. कार्टोसॅटबरोबर तीस बारक्या उपग्रहांची भरलेली वडाप होती ती. बॉसने तेव्हाचा लाँचचा व्हिडिओ लॅबमध्ये सगळ्यांबरोबर बघितला होता म्हणे.

१८ एप्रिल

बीमटाईम!

सकाळी सहाची लोकल. सायक्लोट्रॉन (प्रोटॉनना वेग देणारं यंत्र) आहे त्या गावाचं नाव र्झेश, लिहिताना एक आणि बोलताना भलतंच, आणि त्यातलं पहिलं अक्षर माझ्या जिभेला दोन वर्षांत जमलेलं नाही, तिकीट काढताना मोबाईल दाखवतो. व्ल्ताव्हाच्या काठाने गाडी जाते. हीच लाईन पुढे उस्ती नाद लाबेमला जाते, जिथून ७ ऑगस्ट १९१२ ला व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि वर जावं तसं रेडिएशन वाढतं हे दाखवलं, म्हणजे ते जमिनीतून येत नाही, वरून येतं. सगळ्या कॉस्मिक किरणांच्या धंद्याची सुरुवात ह्या रुळांच्या पलीकडच्या टोकाला झाली. डब्यात बाकी सगळे झोपले होते, सांगणार कोणाला.

स्टेशनवरून नदीवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडे. डिटेक्टरवर ३० एमईव्हीचे प्रोटॉन मागितले होते. बीम एकदम मंद ठेवावा लागतो, त्यांच्या नेहमीच्या कामाला जेवढा लागतो त्याच्या पासंगालाही नाही, नाहीतर फ्रेममध्ये डागांचा चिखल. स्टँड मी स्वतः बनवलेला, कोनमापक प्रिंट काढून चिकटवलेला. ०, ३०, ४५, ६०, ७५ डिग्री. ० ला सगळे गोल ठिपके. ६० ला सगळ्या रेघा एकाच दिशेला, हवेत लवलेल्या गवतासारख्या. ७५ ला लांबच लांब. सुंदर दिसतं हो, खोटं का बोलू.

रात्री नऊला परत. पूल ओलांडताना पाऊस.

१९ एप्रिल

काहीतरी गंडलंय.

एलईटी अँगलवर अवलंबून असायला नको. प्रोटॉन तोच, सिलिकॉन तेच, तिरका गेला तर जास्त लांब जाईल आणि जास्त एनर्जी टाकेल, पण भागिले लांबी केली की दर मायक्रॉनचा आकडा तोच यायला पाहिजे. ३० एमईव्हीला साधारण साडेतीन केईव्ही दर मायक्रॉन. माझे आकडे: ० ला ६.०, ३० ला ५.०, ४५ ला ४.४, ६० ला ४.०, ७५ ला ४.०.

६ म्हणजे तो साधारण १५ एमईव्हीचा प्रोटॉन झाला. म्हणजे बीममध्ये काहीतरी प्लेट राहिली असणार आणि प्रोटॉन अर्ध्या एनर्जीने येत असणार. संध्याकाळी तिकडच्या लोकांना मेल टाकला, नम्रपणे, पण मेल टाकला.

२२ एप्रिल

उत्तर आलं. त्यांच्या लॉगबुकची पानं स्कॅन करून जोडलीयेत, वेळेसकट. बीममध्ये काहीही नव्हतं. शेवटी एक ओळ, शुभेच्छा. थंड माणसं आहेत, मी असतो तर चार शब्द सुनावले असते.

आणि विचार केला तर बीम चूक असता तर सगळ्याच अँगलला चूक दिसली असती. ७५ ला जवळजवळ बरोबर आणि ० ला पावणेदोन पट, असं कसं.

२४ एप्रिल

दुसरा संशय, एका पिक्सेलमध्ये फार एनर्जी पडतेय. टाइमपिक्समध्ये एका पिक्सेलला साधारण ०.९ एमईव्हीच्या वर गेलं की इलेक्ट्रॉनिक्स बिथरतं, आधी आकडा उगाच फुगतो आणि अजून जास्त झालं की मधला पिक्सेल उलट बसतो, डागाच्या मधोमध खड्डा पडतो. व्होल्कॅनो इफेक्ट म्हणतात. ० डिग्रीला सगळी एनर्जी चारपाच पिक्सेलमध्ये कोंबलेली असते आणि तिरका कण ती वीसतीस पिक्सेलवर पसरतो, म्हणजे गोष्ट पटण्यासारखी होती. दोन दिवस ह्यात घालवले. ० डिग्रीचे दोनशे डाग एकेक करून बघितले. ज्यात मधला पिक्सेल पाऊण एमईव्हीच्या खाली आहे असेच निवडले, तरी ६.

२६ एप्रिल

स्टँडचा संशय. कारण कोड जो अँगल काढतो तो पण चूक येतोय हे आत्ता लक्षात आलं, म्हणजे आधी पण दिसत होतं पण मी कोनमापकाला शिव्या घालत होतो. स्टँड ३० तर कोड ४४. ४५ तर ५९. ६० तर ७१. प्रिंटरने कोनमापक ताणून छापला असेल म्हणून पट्टी घेऊन मोजला. बरोबर आहे.

२९ एप्रिल

ट्राममध्ये सापडलं.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सहज टॅन काढत होतो. टॅन ४५ एक. टॅन ५९, १.६६. टॅन ३० ला ०.५७७ आणि टॅन ४४ ला ०.९६६, भागिले, १.६७. टॅन ६० आणि ७१, १.६८. प्रत्येक वेळी तोच आकडा.

पाच भागिले तीन.

कोड अँगल कसा काढतो तर चिपवर पडलेली रेघेची लांबी भागिले सेन्सरची जाडी, त्याचा टॅन इनव्हर्स. कॉन्फिग फाईलमध्ये जाडी ३००. सेन्सर ५०० चा.

पुढच्या स्टॉपला उतरलो, उलटी ट्राम पकडली आणि परत लॅबमध्ये. आजोबांना विचारलं, ती ड्रॉवरमधली चिप किती जाडीची. ते कॉफी ढवळत म्हणाले, पाचशेची, म्हणून तर तुला बायस जास्त लाव म्हणलं.

आता सगळं बसतं. सरळ आलेल्या कणाची लांबी म्हणजे नुसती जाडी, तिथे चूक पूर्ण पाच-तृतीयांश. तिरका आला की लांबीत आडव्या रेघेचा वाटा वाढतो, ती पिक्सेल मोजून काढलेली आणि खरी, म्हणून चूक विरघळत जाते, ४५ ला २१ टक्के, ६० ला ९, ७५ ला दोनच. आणि अमेरिशियमच्या चेकमध्ये काही दिसलं नाही कारण तिथे फोटॉन आपली एनर्जी टाकतो आणि संपतो, त्याला जाडीशी काय घेणंदेणं. ते फक्त कॅलिब्रेशन तपासतं, भूमिती नाही. जी म्यूऑन रन मी वेळ नाही म्हणून टाळली तिने एका रात्रीत सांगितलं असतं.

३०० चं ५०० केलं, परत चालवलं: ३.६, ३.६, ३.६, ३.७, ३.९.

ते शेवटचे ३.७ आणि ३.९ बघून मी परत घाबरलो, पण बॉस म्हणाला ते खरं आहे, ७५ डिग्रीला प्रोटॉन जवळपास २ मिलिमीटर सिलिकॉन कापत जातो, ३० चा आत शिरतो आणि साडेबावीसचा बाहेर पडतो, आणि प्रोटॉन जेवढा हळू तेवढा तो जास्त सांडत जातो. म्हणजे आमचा डिटेक्टर प्रोटॉन आतल्या आत दमताना बघू शकतोय. ही खरी मजा आणि ती दहा दिवस माझ्या एका आकड्याखाली दबून होती.

सायक्लोट्रॉनवाल्यांना माफीचा मेल. चारदा लिहिला चारदा खोडला, शेवटी सरळ खरं कारण लिहिलं.

११ मे

काल रात्री आकाश गुलाबी झालं. शब्दशः. सूर्यावरून आलेलं वादळ जी५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत गेलं, २००३ नंतर पहिल्यांदा. गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो होतो, डोळ्यांना राखाडी गुलाबी आणि मोबाईलमध्ये भडक. सकाळी आईचा मेसेज, लडाखमधल्या हानलेचा लाल आकाशाचा फोटो, आणि खाली "अरे तुझ्या मशिनीत काय दिसलं मग?"

काही नाही गं आई. मशीन लॅबमध्ये रात्रभर चालूच होतं, म्यूऑन रनवर. उत्तरध्रुवीय प्रकाश पाडणारे इलेक्ट्रॉन शंभरेक किलोमीटर वरच थांबतात, आपल्या डोक्यावर अख्ख्या वातावरणाचं पांघरूण आहे. मशीन वर असतं तर बात वेगळी.

नंतर तिला अलिबागचं सांगितलं, लहानपणी आपण किल्ला बघायला गेलो होतो तिथे चुंबकीय वेधशाळा आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याहून १९०४ ला तिकडे हलवलेली. १८५९ च्या वादळात कुलाब्याच्या उपकरणाने चुंबकीय क्षेत्रात १,६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली होती. जगभरात एवढ्या मोठ्या वादळाची असली नोंद क्वचितच आहे. कालचं वादळ चारशेच्या आसपास. तिने विचारलं की तेव्हा तो आकडा लिहिणाऱ्या माणसाला काय घडतंय ते माहीत होतं का. उत्तर सुचलं नाही.

म्यूऑन रन मात्र कामाची निघाली. ५०० मायक्रॉनला पीक १४५ केईव्हीच्या जवळ यायला पाहिजे, आलं. आता कोडमध्येच घातलंय, नवीन चिप लावली की आधी एक रात्र म्यूऑन, त्यावरून जाडी काढायची, आणि फाईलमधल्या आकड्याशी जुळली नाही तर पुढे चालायचंच नाही.

१५ मे

चिपच्या डबीवर स्टिकर लावला, जाड मार्करने, ५००. दुपारी आजोबा डबी हातात घेऊन आले, म्हणाले हे काय लिहिलंयस, वाय शून्य शून्य? घाईत मराठीत लिहून बसलो होतो. शेजारी दुसरा स्टिकर लावला, त्यांच्या आकड्यांत. पहिला काढू का म्हणलं तर म्हणाले राहू दे.